म्हशींच्या वाट्याचं छप्पर

गोवर्धनच्या घरावर चोवीस पत्रे होते. बारा रस्त्याकडच्या उतारावर, बारा मागच्या. रंग निळा. पत्र्यांखाली तीन खोल्या. मधल्या खोलीत एक खाट, खाटेखाली एक शेगडी, वर एक पंखा, मागच्या भिंतीला एक खिडकी आणि त्या खिडकीवर खिळे ठोकून बसवलेलं एक पोतं. खाटेवर गोवर्धनची लेक रीता आणि तिचं आठ दिवसांचं बाळ. नवतपा, मेअखेरचे ते नऊ सर्वांत तापते दिवस, लागला होता. सकाळी दहाच्या पुढे पत्रे तडतडायला लागत आणि रीता प्रत्येक आवाजाला डोळे उघडून वर बघे.

गावची आशाताई मंजू त्या गुरुवारी वजनकाटा घेऊन आली. काट्याच्या आकड्याला तिने झोळी अडकवली, झोळीत बाळ ठेवलं, आणि काटा डोळ्यांसमोर धरून दोनदा वाचला.

"जन्मले तवा दोन किलो सहाशे होतं. आता झोळी सोडून दोन तीनशे पन्नास."

"पहिले पहिले उतरतेच ना वं माय," रीताची आई रुख्मा म्हणाली.

"उतरते काकी. पन आठ दिवसांत चढाले लागाले पायजे. दूध पिते का बरोबर?"

"तोंड लावते अन् झोपून जाते," रीता म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

मंजूने बाळाच्या पाठीवर हात ठेवला. मग वाकून खाटेखाली पाहिलं. "हे शेगडी कायले पेटवली?"

"बाळंतिनीले शेक नको का?"

"शेक वरून भेटून राहिला ना काकी. खालून आनखी कायले?"

दारात उभा असलेला गोवर्धन हसला नाही. मंजू निघताना त्याला म्हणाली, "काका, हा बिमारीचा ताप नाही. खोली तापली म्हनून अंग तापलं. येत्या गुरुवारी मी पुन्हा येतो. वजन वाढलं नाही त गोंदियाले भरती करा लागन."

ती गेली आणि तासाभरात फुलचूरहून फोन आला. फुलचूर म्हणजे गोंदियाच्या कडेची वस्ती. रीताचं सासर तिथं. फोनवर सासू, जावई पीयूषची आई, कुंदाबाई होती.

"इवाईजी, पीयूष बोलला, बच्चा दूध नाही पिऊन राहिला. घर लय गरम हाय म्हने तुमचं. भेजून द्या दोघायले. आमच्याकडं कूलर हाय, सब हाय."

"नाही नाही, इहीनबाई. कोन म्हनते गरम? इथं झाडं हायत, मोकळी हवा हाय." बोलता बोलता गोवर्धनच्या हनुवटीवरचा घाम फोनवर टपकला. "नाव ठेवल्याबिगर पोरगी पाठवली त लोक काय म्हनतील?"

"लोकायले वजन करता येते काय बच्चाचं?" कुंदाबाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हे पत्रे घरावर दोन वर्षांपूर्वी आले होते, रीताच्या लग्नाच्या आधी. त्याआधी कवेलू होते, मातीची कौलं, गोवर्धनच्या आज्याच्या वेळचे, तीन हजारांच्या वर. वानरांची टोळी आली की दहा-वीस फुटायचे. दर वर्षी मिरग लागायच्या आत शिडी लावून सगळे फेरावे लागायचे, आणि तरी माजघरात दोन ठिकाणी गळतीखाली पातेलं मांडून ठेवावं लागायचं. ते बदलावेसे वाटणं काही वाईट नव्हतं. पण गोवर्धनला फक्त गळती थांबवायची नव्हती. वरात येईल तेव्हा गावाच्या वेशीवरून आपलं घर दिसावं, असं त्याला वाटत होतं.

जुने कवेलू शेजारच्या उदारामने घेतले. त्याला गुरांचा कोठा नवा बांधायचा होता. तो बैलबंडी घेऊन आला तेव्हा पत्रे बसवणारे वर होते, गल्लीतले आठ-दहा जण खाली उभे होते. गोवर्धन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "ने बाप्पा, ने! तुया म्हशी आता माया बापाच्या घरात झोपतील!" सगळे हसले होते. उदारामही हसला होता, आणि एकेक कवेलू हातात घेऊन बंडीत रचत राहिला होता.

शुक्रवारी गोवर्धन तिरोड्याहून एक जुना कूलर टेम्पोत घालून घेऊन आला. तो मधल्या खोलीत खाटेच्या पायथ्याशी ठेवला, बादलीने पाणी भरलं. बटण दाबल्यावर कूलर मोठ्याने घरघरला, ओला गार झोत आला, आणि रीताने कितीतरी दिवसांनी चेहरा सैल सोडला.

"दार लाव," गोवर्धन रुख्माला म्हणाला. "गार हवा बाहेर जाऊन राहिली."

रुख्माने दार लावलं. दाराखालच्या फटीत लुगड्याची चिंधी कोंबली. खिडकीवर पोतं होतंच. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून ते तिनेच ठोकलं होतं. बंद खोलीत कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करत राहिला. दुपारपर्यंत भिंती हाताला चिकट लागायला लागल्या, उशी दमट झाली, पत्र्याच्या आतल्या बाजूने वाफेसारखा उबारा खाली उतरत राहिला. दोन वाजता लाइट इतकी कमी झाली की कूलरची मोटर नुसती गुणगुणायला लागली. संध्याकाळी बाळाच्या मानेवर, काखेत, मांडीच्या घडीत घामोळ्या उठल्या होत्या.

"कूलरमध्येच काही खराबी हाय," गोवर्धन म्हणाला.

रीताने बाळाचं झबलं काढून टाकलं.

शनिवारी तो पहाटेच शेतावर गेला. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर उन्हाळी धान झालं होतं, हार्वेस्टरने कापून झालं होतं, आणि वाळवायला पसरलेल्या धानाला पालटायचं होतं. बारा वाजता तो परतला तेव्हा दारात रुख्मा तांदूळ निवडत बसली होती. मधली खोली रिकामी होती. खाटही नव्हती.

"रीता कुठं हाय?"

रुख्माने सुपातून मान वर केली नाही.

"म्या काय विचारून राहिलो?"

"बाजूले हाय. सावित्रीबाईनं बलावलं."

"सावित्रीबाईच्या घरी?"

"घरी नाही." रुख्माने एक खडा उचलून अंगणात फेकला. "कोठ्यात."

गोवर्धन तसाच मागे फिरला. गल्ली ओलांडून उदारामच्या कोठ्याच्या दारात गेला. आत येताना वाकावं लागत होतं. उन्हातून आल्यामुळे क्षणभर त्याला काही दिसलं नाही. आधी त्याच्या अंगाला कळलं. गार नव्हतं, पण पाठीवर जो हात कोणी दाबून धरला होता तो उठल्यासारखं वाटलं. मग दोन म्हशी दिसल्या, रवंथ करणाऱ्या. त्यांच्या पलीकडे शेणाने सारवलेला कोपरा, कडुनिंबाच्या पाल्याचा उरलेला धूर, मच्छरदाणी बांधलेली त्याच्याच घरची खाट. रीता बाळाला पाजत होती. उदारामची बायको सावित्रीबाई उंबऱ्याशी बसून पंख्याने माशा वारत होती.

आणि गव्हाणीच्या काठावर उजेडाचा एक चौकोन पडला होता. गोवर्धनने वर पाहिलं. काचेचं कवेलू होतं. त्याच्या बापाने माजघरात उजेड यावा म्हणून बसवलेलं, एक कोपरा तुटलेलं. लहानपणी तो चौकोन उतरंडीवर आला की शाळेची वेळ व्हायची. आता तो म्हशीच्या चाऱ्यावर पडला होता.

"चाल घरी," तो रीताला म्हणाला.

"बाबा, आताच प्याले लागला ना तो."

"चाल म्हनतो ना. जनावरायमंधी पोराले घेऊन बसली, लाज नाही वाटत?"

सावित्रीबाईचा पंखा थांबला. "भाऊजी, दुपार उतरू द्या. लेकरू हाय."

"माया घराले छप्पर हाय, वहिनी."

मागून उदाराम आला होता, खांद्यावर गवताचा भारा. त्याने भारा गव्हाणीत टाकला आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "राहू दे ना भाऊ. म्या म्हशीयले विचारलं. त्यायचं काही म्हननं नाही."

रीताच्या ओठांच्या कोपऱ्याला हसू आलं. ते गोवर्धनला दिसलं, आणि तेच त्याला सहन झालं नाही. त्याने मच्छरदाणी वर केली, बाळाला उचललं आणि चालायला लागला. रीता एका हाताने पोट धरून मागून आली. भर बाराच्या उन्हात, गल्लीत, सगळ्यांसमोर.

तीन तास गेले. बाळ आधी रडलं. मग रडायचं थांबलं. रीताने त्याला तीनदा छातीशी धरलं. तीनदा त्याने तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. तळवे लाल, ओठ कोरडे. रीता म्हणाली, "बाबा, हात ढिले पडून राहिले त्याचे." ओरडून नाही, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगत होती.

गोवर्धनने बाळाचा हात आपल्या बोटावर घेतला. एवढ्याशा बाळाच्या हातात बोट दिलं की मूठ वळते. ती वळली नाही.

तो उठला. त्याने काळी छत्री उघडली, बाळाला ओल्या पंच्यात गुंडाळलं आणि स्वतःच्या हाताने घेऊन निघाला, ज्या गल्लीतून आणलं होतं त्याच गल्लीतून. पिंपळाखालच्या पारावर पत्ते खेळणारे थांबले. कोठ्याच्या दारात तो वाकला तेव्हा सावित्रीबाईने हात पुढे केले. तिने ओल्या फडक्याने बाळाचं अंग पुसलं. मागून आलेली रीता खाली, सारवलेल्या जमिनीवरच बसली, आणि बऱ्याच वेळाने बाळाच्या गळ्यातून घुटक्याचा आवाज आला.

गोवर्धन बाहेर सावलीला उभा होता. उदाराम बाजूला येऊन बसला.

"उदाराम."

"हं."

"तनस हाय का तुयाकडं?"

उदारामच्या कोठ्यामागे तणसाचा, धानाच्या वाळल्या पेंढ्याचा, ढीग घराएवढा उभा होता. गोवर्धनला दिसत होता. गोवर्धनचं स्वतःचं तणस हार्वेस्टरने चुरा करून शेताच्या बांधीतच टाकलं होतं. उदाराम विळ्याने कापत होता तेव्हा याने त्याला बांधावरून विचारलं होतं, कोणत्या जमान्यात राहून राहिला बे?

"किती पायजे?"

"घर झाकंल इतकं."

उदारामने ढिगाकडे पाहिलं. "म्हशीयच्या वाट्याचं हाय," तो म्हणाला. मग उठला. "चाल, बांबू काढू."

ऊन उतरल्यावर ते पत्र्यावर चढले. तरीही पाय ठेववत नव्हता; गोवर्धनने पायांना पोती बांधली. पहिले चार भारे त्यांनी सरळ पत्र्यावर टाकले आणि चारही घसरून अंगणात पडले. पत्रा गुळगुळीत, उतार मोठा. मग बांबू आडवे-उभे बांधून ताटवा करावा लागला आणि तणस त्याच्यावर पसरावं लागलं. ताटव्याखाली वीतभर पोकळी राहिली. अंधार पडेपर्यंत मागचा उतार झाकला गेला. चुलीच्या बाजूचे दोन पत्रे त्यांनी ठिणगीच्या भीतीने उघडेच ठेवले. गल्लीतून टेकचंद सायकलवरून जाताना थांबला. "काऊन भाऊ, यंदा म्हशी वर बांधता काय?"

गोवर्धनने दोरीची गाठ आवळली.

रविवारी सकाळी अकराला तो एकटाच वर होता; रस्त्याकडचा अर्धा उतार झाकून झाला होता. बनियन, डोक्याला पंचा, भुवयांवर तणसाचा भुसा. खाली ऑटो थांबला. केशरी साडीतली कुंदाबाई उतरली, हातात सफरचंदांची थैली. तिने घराकडे पाहिलं, मागे रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा घराकडे पाहिलं.

"ए भाऊ," तिने वर हाक मारली, "गोवर्धनजीचं घर हेच का? पीयूष त निळं म्हने."

गोवर्धनच्या हातात तणसाची पेंढी होती. ती खाली ठेवावी की धरून ठेवावी, हे त्याला सुचेना. "या इहीनबाई," तो वरूनच म्हणाला. "बसा. म्या आलो."

कुंदाबाईने डोक्यावर पदर घेतला आणि दुसरीकडे बघितलं. तो शिडीवरून उतरला.

"बहू कुठं हाय?"

"बाजूले गेली. सावित्रीबाईच्या घरी. पंखा चांगला हाय तिच्याकडं."

तेवढ्यात गल्लीपलीकडून बाळ रडलं. जोरात, भुकेचं, चांगलं रडणं. इतर कोणत्याही दिवशी गोवर्धनला त्याचा आनंद झाला असता. कुंदाबाई आवाजाच्या दिशेने चालायला लागली, उदारामच्या घराच्या दारावरून पुढे गेली आणि कोठ्याशी थांबली. गोवर्धन मागे चार पावलं. तिने वाकून आत पाहिलं.

"हे पंखा?" ती वळून म्हणाली.

गोवर्धनने मान खाली घातली.

"माया नातवाले म्हशीच्या लाइनमध्ये ठेवलं? अन् फोनवर म्हने झाडं हायत, हवा हाय! रीता, चल उठ. ऑटो उभा हाय."

"या आई, पहिले बसा त," रीता म्हणाली. "पानी प्या. मंग जाऊ."

सावित्रीबाईने बाज पुढे सरकवली, तांब्या दिला. कुंदाबाई रागातच बसली. पाणी प्यायली. पदराने मान पुसली. फुलचूरपासून ऑटोत आलेली होती, चेहरा तांबडा झाला होता. काचेच्या कवेलूचा चौकोन तिच्या चपलेवर पडला होता. तिने पुन्हा मान पुसली, मग पदर हातात तसाच राहिला. तिने इकडे-तिकडे पाहिलं.

"कूलर कुठं लावला तुमी?"

"कूलर नाही, बाई," सावित्रीबाई म्हणाली. "कवेलू हायत."

"अच्छा. असे पुराने कवेलू कुठून आनले?"

सावित्रीबाई उत्तर द्यायच्या आत उदाराम म्हणाला, म्हशीच्या पाठीकडे बघत, "गोवर्धनभाऊचे हायत. त्यायच्याच घरावरचे."

गोवर्धन दाराच्या चौकटीला धरून उभा होता. आत जाता येत नव्हतं, बाहेर जाता येत नव्हतं.

"म्याच इकले," तो म्हणाला. "लग्नाच्या वक्ताले. तुमी येनार होते. तुमाले घर चांगलं दिसावं म्हनून."

कुंदाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला खरंच आठवून पाहावं लागलं. "मले?" ती म्हणाली. "मी त तुमचं घर पाहलंच नव्हतं, इवाईजी. मांडवातच बसून होतो. घुटने दुखत होते."

रीताने बाळ दुसऱ्या बाजूला घेतलं. "आई," ती सासूला म्हणाली, "तिकडं स्लॅब हाय. मागच्या नवतप्यात आपन सारे गच्चीवर झोपलो होतो. लाइट गेली का कूलर बंद. हे एवढंसं लेकरू गच्चीवर नेऊ का?"

कुंदाबाई थैलीतली सफरचंदं एकेक काढून सावित्रीबाईच्या सुपात ठेवायला लागली. "गुरुवारी वजन हाय ना? मी येतो. काट्यावर वाढलं त नाव ठेवल्यावर बहू येईल. नाही वाढलं त तेव्हाच घेऊन जातो." मग गोवर्धनकडे न बघता, "पन वजन घरात होईल. कोठ्यात नाही. मी पीयूषले जाऊन काय सांगू?"

ऑटो गेल्यावर गोवर्धन पुन्हा शिडी चढला. रस्त्याकडचे उरलेले पत्रे त्याने त्या संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी झाकले. वेशीवरून दिसणारं निळं आता दिसत नव्हतं. मग त्याने पकडीने खिडकीचे खिळे उपटले. रुख्मा दारात उभी होती.

"वारा लागन तिले."

"लागू दे."

रुख्माने खाटेखालची शेगडी चिमट्याने उचलली आणि अंगणात नेऊन पालथी केली. कूलर त्यांनी खिडकीबाहेर विटांवर ठेवला, तोंड आत, आणि समोरचं दार उघडं. दुपारी लाइट कमी झाली की तो बंद पडायचा. तेव्हा रीता खिडकीला ओलं पातळ बांधायची. पत्रे तडतडायचे थांबले होते. मंगळवारी दुपारी खाट गल्ली ओलांडून परत आणायची होती. एक बाजू गोवर्धनने धरली, दुसरी उदारामने. पारावरून टेकचंद म्हणाला, "झाली का भाऊ बदली?" उदाराम म्हणाला, "म्हशीयनं घर खाली करून मागितलं." या वेळी हसणाऱ्यांत गोवर्धन होता की नाही, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याची नजर खाटेच्या पायावर होती.

गुरुवारी मंजू आली. कुंदाबाई तिच्या आधीच आली होती आणि मधल्या खोलीत भिंतीला हात लावून पाहत होती. तणसाची एक काडी वरून गळून तिच्या खांद्यावर पडली. गोवर्धनने ती पाहिली. काढायला हात पुढे केला नाही.

मंजूने काटा काढला, तो शून्यावर आहे का ते पाहिलं. मग आकड्याला झोळी अडकवली. रिकाम्या झोळीचे साठ ग्रॅम होते. तिने बाळाचं झबलं काढलं आणि त्याला झोळीत ठेवलं. बाळाने पाय झाडले, काटा हलत राहिला.

"थांब रे," कुंदाबाई म्हणाली.

सगळे थांबले. मागच्या गुरुवारचे दोन तीनशे पन्नास खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होते. काटा हलायचा थांबला तेव्हा मंजू खाली वाकली आणि डोळे त्याच्या पातळीवर आणून तिने वाचलं.

दोन किलो पाचशे पन्नास. झोळी वजा जाता, दोन किलो चारशे नव्वद.